दगडी ओळ, तिसरे घर

मी, ठकुबाई गेनू मरगळे, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा घोंगड्यांचे दुकान, राहणार दगडी ओळ, घर क्रमांक तीन, भोर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र कोणाच्या धाकाने किंवा भुलवण्याने नव्हे, तर स्वतःच्या मर्जीने करून ठेवत आहे. माझी शुद्ध शाबूत आहे. डॉक्टरांनी आज सकाळी तपासून तसा दाखला दिला असून तो सोबत जोडला आहे. मी रागात आहे. रागात केलेले मृत्युपत्र कायद्याने चालते का, असे मी वकीलबाई सुलक्षणा शेटे यांना पहिल्याच दिवशी विचारले. त्या म्हणाल्या, "चालतं. वेडात केलेलं चालत नाही." तेव्हा हे रागात केले आहे, वेडात नव्हे, अशी नोंद असावी.

मला सही येते, पण इतके लिहिणे होत नाही. म्हणून मी बोलते आणि वकीलबाई लिहितात. माझे बोलणे त्यांनी कागदाच्या भाषेत बसवले आहे. मात्र जिथे माणसे बोलली आहेत तिथे त्यांचे शब्द बदलायचे नाहीत, ही माझी अट आहे. काही मजकूर मृत्युपत्रात लागत नाही, असे त्यांनी मला तीनदा बजावले. लागत नसला तरी राहू द्यावा. मी गेल्यावर माझ्या बाजूने बोलायला हाच कागद असणार आहे.

कलम १. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र, बक्षीसपत्र, कुलमुखत्यारपत्र किंवा संमतीपत्र केलेले नाही. माझ्या नावाचे असले काही कोणी पुढे आणले, तर ते खोटे समजावे आणि आणणाऱ्याला ते कुठून मिळाले हे आधी विचारावे.

कलम २. माझे माहेर वेल्हे तालुक्यात, डोंगरमाथ्यावरच्या धनगरवाड्यात. तालुक्याचे नाव आता राजगड झाले आहे, मी वेल्हेच म्हणते. माझे पती गेनू हयात नाहीत. त्यांच्यापासून एक अपत्य झाले, नाव स्वरूप, राहणार पुणे. स्वरूपची पत्नी मोहिनी ही माझी सून असून गेली तीन वर्षे माझ्याजवळ भोरला राहते व दुकान चालवते. गेनू यांचा धाकटा भाऊ हनुमंत हा माझा दीर. तो हयात आहे.

कलम ३. घर क्रमांक तीन ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. यात कोणाचाही वडिलोपार्जित हिस्सा नाही. हे घर कसे आले ते सांगते, म्हणजे कोणी कोर्टात जाऊन वेगळे सांगायला नको.

लग्न झाल्यावर गेनू आणि मी मंगळवारच्या बाजाराला घोंगडी विकायला भोरला उतरायचो. बसायला जागा नव्हती. दगडी ओळीच्या समोर उन्हात पथारी टाकायचो. पाचव्या घरात कासारांचे बांगड्यांचे दुकान होते आणि बनाबाई कासार दिवसभर कमानीखाली बसून बायकांना बांगड्या भरायच्या. एक दिवस त्यांनी मला हाक मारली. "ए धनगरणी, उन्हात करपतीस कशाला? हितं सावलीत बस."

मी म्हणाले, "तुमच्या दारात कशी बसू?"

त्या म्हणाल्या, "ह्ये जोतं माझ्या एकटीचं न्हाई. साती घरांचं हाय. बस."

त्या दिवसापासून मी दगडी ओळीच्या जोत्यावर बसले. पुढे तिसऱ्या घराचे मालक घर विकून पुण्याला निघाले. माझ्या वडिलांनी लग्नात मला जो मेंढ्यांचा कळप दिला होता, तो मी उभाच्या उभा विकला आणि हे घर माझ्या नावावर घेतले. मेंढ्या नेल्या तेव्हा मी घाटाच्या वळणापर्यंत मागे गेले होते. नंतर दुकान चालले. चौथे घर विकायला निघाले, तेही आम्ही घेतले. ते गेनू यांनी हनुमंताच्या नावावर केले. मी नको म्हणत होते. गेनू म्हणाले, "त्येला बी डोक्यावर छप्पर पायजेल का न्हाई?" ते खरे होते. हनुमंत नऊ वर्षांचा असताना मी त्याला डोंगरावरून खाली आणला, शाळेत घातला, माझ्या ताटातले जेवू घातले.

कलम ४. मिळकतीचे वर्णन. वकीलबाईंनी सिटी सर्व्हे क्रमांक व क्षेत्रफळ शेवटी परिशिष्टात दिले आहे. क्रमांकावरून घर समजत नाही, म्हणून इथे माझ्या शब्दांत देते.

दगडी ओळ म्हणजे सात घरे नव्हेत. सात उंबऱ्यांचे ते एकच घर आहे. संस्थानच्या काळात ती एकाच वेळी, एकाच पायावर उठवली. खाली दुकान, वर माडी, मागे परस. काळा घडीव दगड आणि चुना. जोते पहिल्या घरापासून सातव्यापर्यंत सलग, कुठे सांधा नाही. दोन घरांच्या मध्ये भिंत एकच, हातभर जाड, दोघांची. माडीवरचे आढेही टोकापासून टोकापर्यंत एका ओळीत. दर्शनी बाजूला सात कमानी. एका कमानीचा पाय जिथे उतरतो तिथेच पुढच्या कमानीचा पाय उतरतो. प्रत्येक कमानीच्या मधोमध, माथ्यावर जो कळीचा दगड असतो त्यावर वेगळे चित्र कोरलेले आहे. माझ्या कमानीवर कमळ, हनुमंताच्या कमानीवर पोपट, बनाबाईंच्या कमानीवर हत्ती.

माझ्या आणि हनुमंताच्या घरामधल्या भिंतीत माजघराच्या उंचीवर एक आरपार कोनाडा होता. बांधणाऱ्याने तो शेजारणींसाठीच ठेवला असावा. हनुमंताची बायको बाळंतीण असताना मी त्यातून तिला पेज द्यायचे आणि ती बाळाचा हात धरून मला दाखवायची. ती बिचारी लवकर गेली. ती असती तर पुढचे काही घडले नसते, असे मला वाटते.

चतुःसीमा: पूर्वेस रस्ता. पश्चिमेस परस व त्यापलीकडे बोळ. उत्तरेस घर क्रमांक दोन. दक्षिणेस घर क्रमांक चार होते. आज तिथे खड्डा आहे.

कलम ५. खड्डा कसा झाला.

हनुमंताने चौथे घर पाडून जागा देण्याचा सौदा पुण्याच्या एका बिल्डरशी केला. आम्हाला कोणालाच सांगितले नाही. मला कळले ते असे, की एका सकाळी मी त्याच्याकडे दही द्यायला कोनाड्यात हात घातला तर हाताला सिमेंट लागले. रात्रीतून त्याने कोनाडा बुजवला होता. मी बाहेरून फिरून त्याच्या दारात गेले. तो म्हणाला, "वैनी, तिथं आता तीन मजली काँप्लेक्स हुनार. खाली गाळे, वर फ्लॅट. तुमी बी इचार करा. ह्या दगडात काय ठेवलंय?"

पाचव्या घरातल्या रत्नाने, म्हणजे बनाबाईंच्या सुनेने, पुण्याहून शेफालीताईंना बोलावले. त्या जुन्या इमारतींच्या आर्किटेक्ट आहेत. त्यांनी दोन दिवस ओळीचे मोजमाप घेतले आणि मग हनुमंतासह आम्हा सगळ्यांना कमानीखाली बसवून समजावले. त्यांचे म्हणणे साधे होते. प्रत्येक कमान बाजूला पसरायला बघते आणि शेजारची कमान तिला रेटून धरते. टोकाच्या दोन भिंती म्हणूनच दुप्पट जाड आहेत. मधली कमान काढली तर तिसरी आणि पाचवी मोकळ्या जागेकडे पसरणार आणि उघडणार. पाडायचेच असेल तर आधी दोन्ही बाजूंनी पक्का टेकू बांधा, मग हात लावा.

हनुमंत म्हणाला, "बाई, तुमी शिकलेल्या आहात, न्हाई म्हनत न्हाई. पन घर माझं हाय. शेजाऱ्याची कमान धरून ठेवायला म्या काय नोकर हाय का?"

पहिल्यांदा जेसीबी आला तेव्हा आम्ही सगळी ओळ त्याच्यासमोर उभी राहिलो. बनाबाई खुर्ची टाकून रस्त्यात बसल्या. मशीन परत गेले. त्यानंतर माझा भाऊ माउली डोंगरावरून खाली आला आणि त्याने हनुमंताला बिरोबासमोर नेले. हनुमंताने भंडारा उचलून सांगितले, की टेकू बांधल्याशिवाय दगड हलवणार नाही. मी त्यावर विश्वास ठेवला. ज्याला हाताने भरवले त्याच्या शपथेवर मी का विश्वास ठेवू नये?

वैशाखात रत्नाच्या मुलीचे, प्रेरणाचे लग्न होते. कार्यालय किकवीला, हायवेच्या कडेला. सगळी ओळ निघाली. स्वरूप मुद्दाम रजा काढून आला आणि त्याने आमच्यासाठी टेम्पो ठरवला. मला किती कौतुक वाटले होते त्याचे. बनाबाईंचे गुडघे गेलेले, त्यांना टेम्पोत चढता येईना. दोघांनी उचलतो म्हटले तर त्या चिडल्या. "मला पोत्यावानी उचलू नगा. म्या हितनंच अक्षदा टाकीन." म्हणून मोहिनीने त्यांना मोबाईल देऊन ठेवला, की लग्न त्यात दाखवते.

अक्षता पडल्या. मोहिनी मोबाईल धरून उभी होती, मी तिच्या शेजारी. पडद्यावर बनाबाई कमानीखाली बसलेल्या दिसत होत्या. त्यांनी खरोखरच मोबाईलवर अक्षता टाकल्या. हसत होत्या. मग त्यांनी मान वळवली. मागे घरघर ऐकू येत होती.

"अगं मोहिनी, हितं मशीन आलंया," त्या म्हणाल्या. "समदं हादरतंय. हनुमंता! आरं हनुमंता, थांबीव की रं!"

मोहिनी ओरडली, "आजी, उठा! बाहेर पळा!" गुडघे गेलेल्या बाईला ती पळा म्हणत होती. आम्ही सगळ्या ओरडत होतो. कार्यालयातला बँड चालूच होता. मग पडद्यावर धूळ दिसली आणि पडदा काळा झाला.

पाचवी कमान उघडली होती. हत्तीचा दगड आधी पडला.

आम्ही टेम्पोत बसून निघालो. नवरी मुंडावळ्यांसकट टेम्पोत होती. तेवढ्यात स्वरूप कपाळावर हात मारून म्हणाला, "म्या त्यास्नी बजावलं व्हतं, म्हातारीला आधी बाहेर काढा म्हणून."

मोहिनी म्हणाली, "कुनाला बजावलं व्हतं? कवा?"

त्याने तोंड फिरवले.

"आवो, कवा बजावलं व्हतं?"

तेव्हा मला समजले. लग्नाचा दिवस हनुमंताने शोधला नव्हता, त्याला तो स्वरूपने दिला होता. ओळ रिकामी असेल हे सांगितले होते आणि ती रिकामी करायला टेम्पोही दिला होता. बदल्यात काँप्लेक्समध्ये पहिल्या मजल्यावर एक फ्लॅट. आणि माझ्यामागे तिसरे घरही त्याच बिल्डरला द्यायचे, असा शब्द. हे सगळे त्याने त्या टेम्पोत, रत्नासमोर, नवरीसमोर, एक एक करून सांगितले, कारण मोहिनी विचारायची थांबेना.

भोरला पोचलो तेव्हा माणसे दगड उचलत होती. मोहिनीने लग्नातल्या साडीचा पदर खोचला आणि ती ढिगाऱ्यावर चढली. तिची नखे निघाली तरी ती थांबली नाही. बनाबाई सापडल्या तेव्हा त्यांच्यात धुगधुगी होती. दवाखान्यात पोचेपर्यंत संपल्या. हातातल्या हिरव्या बांगड्यांपैकी एकही फुटली नव्हती, असे रत्नाने मला नंतर सांगितले. मी ते बघितले नाही. मी हनुमंताला शोधत होते. तो तिथे नव्हता.

त्याप्रकरणी खटला चालू आहे. हनुमंत आणि बिल्डर जामिनावर बाहेर आहेत. न्यायालयाने उरलेल्या बांधकामाला हात लावायला मनाई केली आहे. मी त्यात साक्ष दिलेली असून ती इथे कायम करते.

कलम ६. ओळ कोणी वाचवली हेही नोंदवून ठेवते.

माझी कमानही पसरली होती. कमळाच्या दोन्ही बाजूंना बोट जाईल अशी भेग पडली होती. मशीन थांबले म्हणून ती राहिली. पावसाळा तोंडावर होता. शेफालीताई म्हणाल्या, आत्ता टेकू लागला नाही तर तिसरे पडेल, त्यामागे दुसरे, पहिले; पलीकडे सहावे, सातवे. लाकूड कुठून आणायचे? मी माउलीला फोन केला. दुसऱ्या दिवशी डोंगरावरची माणसे खाली आली. कोणी गोठ्याचा वासा काढून आणला होता, कोणी घराची तुळई. ज्या माणसाने स्वतःच्या जनावरांवरचे छप्पर उतरवून आणले, त्याला मी काय देणार? शेफालीताई खड्ड्यात उभ्या राहून सांगत होत्या आणि आमची माणसे वासे तिरपे लावत होती. तो टेकू आजही उभा आहे. त्याच्याकडे बघून जे लोक "किती विद्रूप दिसतं" म्हणतात, त्यांनी माझ्या दुकानाची पायरी चढू नये.

कलम ७. माझ्या परसात जे घडीव दगड रचून ठेवलेले आहेत ते चौथ्या कमानीचे आहेत.

बिल्डरने चौथ्या घराचा दगड विकून टाकला होता. रत्नाच्या नात्यातल्या एका टेम्पोवाल्याने सांगितले, की भाटघर धरणाच्या पाण्याकाठी एका बंगल्यात तो गेला. रत्ना आणि मी एसटीने भाटघरला गेलो, तिथून चालत. फाटकातून दिसले. पोहायच्या तळ्याभोवती आमच्या घराचे दगड मांडले होते, आणि पोपटाचा दगड उताणा टाकून त्यावर फुलांची कुंडी ठेवली होती. मी कुंडी खाली उतरवली आणि त्या दगडावर बसले. रखवालदार उठवायला लागला तर रत्ना त्याला म्हणाली, "हात लावून बघ."

बंगल्याच्या बाई बाहेर आल्या. चांगल्या घरच्या दिसत होत्या. "आजी, मी विकत घेतलेत हे," त्या म्हणाल्या.

मी म्हणाले, "घेतलं आसंल बाई. पन ह्यो दगड निघाला म्हणून हिची सासू मेली. त्याच्यावर तुमी पाय सोडून बसनार का?"

त्या रत्नाकडे बघत राहिल्या. मग आत गेल्या. मला वाटले पोलिसांना बोलावतात. पण त्या आपल्या ड्रायव्हरला घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "कमानीचे जेवढे असतील तेवढे ओळखून काढा." संध्याकाळी टेम्पो भरून दगड आले. त्या बाईंचे नाव मी विचारले नाही याची मला खंत आहे.

हे दगड माझ्या मिळकतीचा भाग नाहीत. ते सगळ्या ओळीचे आहेत. न्यायालय परवानगी देईल तेव्हा चौथी कमान याच दगडांनी, पाचवी तिच्या पडलेल्या दगडांनी, चुन्यात, शेफालीताईंच्या देखरेखीखाली पुन्हा उभी करावी. मागे घर असो वा नसो. सिमेंट वापरू नये. माझ्या बँकेतल्या खात्यात जे शिल्लक असेल ते सगळे यासाठी द्यावे.

कलम ८. वाटणी.

(अ) घर क्रमांक तीन, जोत्यापासून आढ्यापर्यंत, दुकान व त्यातील मालासह, मी माझी सून मोहिनी हिला पूर्ण मालकीने देते. तिने ते विकू नये असे मला लिहायचे होते. वकीलबाई म्हणाल्या, अशी कायमची बंदी कायद्यात टिकत नाही. तेव्हा बंदी घालत नाही. मोहिनीला हे सांगितले तेव्हा ती रडायला लागली. "आत्याबाई, माझ्या नावावर नगा करू. लोक म्हनतील, नवऱ्याला हाकलून घर घेतलं."

मी म्हणाले, "म्हनू दे. ढिगाऱ्यावर त्यातलं कुनी चढलं व्हतं का?"

(आ) माझी सोन्याच्या पुतळ्यांची माळ प्रेरणा हिला. तिच्या लग्नाचा वाढदिवस आणि आजीचा स्मृतिदिन एकाच दिवशी येतात. माळ तिने लग्नाच्या वाढदिवसाला घालावी. बनाबाईंना ते आवडले असते.

(इ) माझी शेजारीण रत्ना हिला लोकर कातरायची माझी कातर. तिला तिचा काही उपयोग नाही, हे मला ठाऊक आहे. हनुमंत रस्त्याने जातो तेव्हा तिला काहीतरी हातात धरावेसे वाटते, असे ती म्हणाली होती. धरून ठेवावी, वापरू नये.

(ई) धनगरवाड्यावर माउलीच्या कळपात मी नंतर घेतलेल्या ज्या मेंढ्या आहेत, त्या टेकूसाठी लाकूड देणाऱ्या घरांत माउलीने वाटाव्यात.

(उ) माझा दीर हनुमंत याला मी एक वस्तू देते. भिंत हादरली तेव्हा कोनाड्यातला सिमेंटचा गोळा निखळून माझ्या माजघरात पडला. तो मी जपून ठेवला आहे. तो त्याचा आहे, त्याला परत द्यावा. कोनाडा आता उघडा आहे आणि त्यातून खड्डा दिसतो.

(ऊ) स्वरूप गेनू मरगळे याला या मिळकतीतील काहीही देत नाही. हे नजरचुकीने राहिलेले नाही. तो मारायला गेला नव्हता, हे मला कळते. त्याने फक्त माणसे बाजूला काढून दिली, आणि एक राहिली. "आई, मला काय म्हाईत ती कमान पडंल म्हणून," असे तो अजूनही म्हणतो. त्याला माहीत होते. शेफालीताई सांगत होत्या तेव्हा तो माझ्या शेजारी बसला होता.

कलम ९. माझ्या तिरडीला हनुमंताने खांदा देऊ नये. तो आला आणि रडला, तरी देऊ देऊ नये. त्याला रडता फार छान येते, लहानपणापासून. माझी तिरडी ओळीच्या पुढून, जोत्याच्या कडेने न्यावी, मग वळवावी.

कलम १०. या मृत्युपत्राची अंमलबजावणी ॲड. सुलक्षणा शेटे यांनी करावी. माझी साक्ष, खटल्याचे कागद आणि शेफालीताईंचे नकाशे त्यांच्याकडे आहेत. मी मेले म्हणून खटला मागे घेण्याचा अधिकार कोणालाही नाही.

कलम ११. वरील सर्व मजकूर वकीलबाईंनी आज दोन्ही साक्षीदारांसमोर मला मोठ्याने वाचून दाखवला. वाचन चालू असताना स्वरूप आला. मोहिनीने त्याला कळवले असावे. आत ये असे कोणी म्हटले नाही, जा असेही कोणी म्हटले नाही. तो दारात उभा राहून शेवटपर्यंत ऐकत राहिला. पहिल्यापेक्षा वाळला आहे. वाचून झाल्यावर वकीलबाईंनी माझ्यापुढे पेन केले तेव्हा तो बोलला. त्याचे बोलणे मी इथे घालायला सांगितले आहे.

"आई, घर नको मला. तू सही कर. मी अडवायला आलो न्हाई. पन ह्याच्यात समद्यांचं नातं लिवलंयस. मोहिनी सून, रत्नाकाकू शेजारीण. हनुमंतकाकाला बी दीर म्हनलंयस. माझं नुसतं नाव हाय. एक अपत्य झालं, म्हनं. अपत्य कुनाचं बी आसतं. मी तुझा कोण, त्ये कुठंच न्हाई."

वकीलबाई म्हणाल्या, "कायद्याला त्याची गरज नाही, ठकुबाई. नाव पुरेसं आहे."

माझा राग कमी झाला का, हे मी आत चाचपून पाहिले. झालेला नाही. मग मी वकीलबाईंना आणखी एक कलम घालायला सांगितले.

कलम १२. स्वरूप हा माझा मुलगा आहे. त्याला मी काहीही देत नाही.

हे वाचून, समजून, दोन साक्षीदारांच्या देखत मी माझ्या हाताने सही केली आहे. प्रत्येक पानावर केली आहे.

लिहून ठेवणार:
(सही) ठकुबाई गेनू मरगळे

आम्ही खाली सही करणारे, ठकुबाईंना ओळखतो. त्यांनी आमच्यासमोर सही केली व आम्ही त्यांच्यासमोर केली. या मृत्युपत्रात आम्हाला काहीही मिळत नाही.

साक्षीदार:
१. (सही) शेफाली करमरकर, आर्किटेक्ट, राहणार पुणे
२. (सही) आबा तुकाराम बांदल, निवृत्त एसटी चालक, राहणार कामथडी, तालुका भोर

ठिकाण: भोर
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२५